एकच नाव, तीन वेगळ्या गाड्या: कोथरूडमधल्या २०१२ च्या इनोव्हाचं प्रकरण

‘इनोव्हाला काही होत नाही’ हे वाक्य पुण्यात चहाच्या टपरीपासून आरटीओच्या रांगेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. पण ते कुठल्या इनोव्हाबद्दल म्हटलं जातंय, हे कोणी विचारत नाही. टोयोटाची २००५ ची इनोव्हा, २०१६ ची क्रिस्टा आणि २०२२ अखेरीस आलेली हायक्रॉस यांच्यात नाव सोडलं तर फारच थोडं सारखं आहे. इंजिन तिन्हींचं वेगळं, आणि हायक्रॉसमध्ये तर सांगाडा आणि ओढणारी चाकंही वेगळी. त्यामुळे एका पिढीवरून शिकलेला नियम दुसरीला लावला की नुकसान होतं. हे प्रकरण त्याच चुकीभोवती फिरतं. पुण्यातल्या गॅरेजांत वारंवार दिसणाऱ्या खुणा एका गाडीच्या आणि एका कुटुंबाच्या रूपात एकत्र करून ते मांडलं आहे.

गाडी २०१२ सालची. अडीच लिटर डिझेल, पाच गिअर, पांढरी नंबरप्लेट, मीटरवर २ लाख ३८ हजार किलोमीटर. कुटुंब सात जणांचं, राहणार कोथरूड. रोजचं चालणं पाच-सात किलोमीटरचं: शाळा, डेक्कन, मंडई, आजोबांचा दवाखाना. वर्षातून तीन-चार वेळा गुहागर, त्यात गणपतीला नक्की, आणि तेव्हा सातही जण, टपावर सामान. वर्षाचं एकूण चालणं साधारण १२,००० किलोमीटर.

तक्रारी तीन, आणि त्या ज्या क्रमाने आल्या तो क्रम महत्त्वाचा. आधी सकाळच्या पहिल्या स्टार्टला अर्धा-एक मिनिट टकटक आवाज यायला लागला, गरम झाल्यावर तो जायचा. मग ऑइल बदलल्यावर हजारभर किलोमीटरमध्येच ते डांबरासारखं दिसायला लागलं. डिझेलचं ऑइल काळं होणारच, म्हणून त्याकडे दुर्लक्ष झालं. तिसरी खूण सहा महिन्यांनी आली: इंजिन पूर्ण तापलेलं असताना, नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. जरा रेस दिली की विझायचा. घरात चर्चा सुरू झाली. हीच दुरुस्त करायची, वापरलेली क्रिस्टा घ्यायची, की नवी हायक्रॉस?

आधी वंशावळ

हे घराणं इंडोनेशियातलं. १९७७ मध्ये तिथे किजांग नावाचं साधं, पत्र्याच्या चौकोनी बॉडीचं वाहन आलं. किजांग म्हणजे भेकर. त्याच्या तिसऱ्या पिढीवरून बेतलेली क्वालिस जानेवारी २००० मध्ये भारतात आली. २.४ लिटरचं टर्बो नसलेलं डिझेल, ताकद ७५ पीएस. दिसायला जुनाट, पण आठ-दहा माणसं आणि त्यांच्या वळकट्या घेऊन ती घाट चढायची आणि गॅरेजचं तोंड क्वचित पाहायची. ‘काही होत नाही’ हे वाक्य खरं तर तिच्या काळातलं.

क्वालिस जोरात खपत असतानाच टोयोटाने ती बंद केली आणि २००५ च्या सुरुवातीला इनोव्हा आणली. हायलक्स पिकअप आणि फॉर्च्युनर ज्या सांगाड्याच्या कुटुंबातल्या, त्यातलीच ही. म्हणजे खाली शिडीसारखी चेसिस, तिच्यावर बसवलेली बॉडी, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. इंजिन मात्र पूर्ण नवं होतं: २केडी, २,४९४ सीसी, कॉमन रेल, टर्बो. ताकद १०२ पीएस, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर २०० न्यूटन मीटर. क्वालिसच्या इंजिनात बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक जवळपास काहीच नव्हतं. २केडीमध्ये अतिउच्च दाबाचं डिझेल, ते फवारणारे चार इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर आणि संगणक आला. इथपासून जुना नियम पुरेनासा झाला, पण लोकांच्या तोंडी तोच राहिला.

आणखी एक बाब पुणेकरांच्या खास कामाची. १ एप्रिल २०१० पासून बीएस ४ हा प्रदूषण निकष देशातल्या १३ शहरांत लागू झाला, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही तीन. म्हणून २०१२ मध्ये पुण्यात नोंदलेली ही गाडी बीएस ४ आहे. असे निकष पाळण्याचं एक मुख्य साधन म्हणजे ईजीआर, म्हणजे जळालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणं. त्याने नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, पण काजळी वाढते. कोथरूड ते डेक्कन एवढ्या चालण्यात इंजिन धड तापतही नाही. ती काजळी जळून जाण्याऐवजी इनलेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, आणि ऑइलमध्ये साठत जाते. गाडी हळू आणि जपून चालवली म्हणून ती चांगली राहिली असेल, हा समज या इंजिनाच्या बाबतीत उलटा पडतो.

मूळ दुखणं: चार तांब्याचे वॉशर

लाल दिवा लागला की पहिला संशय स्विचवर घेतला जातो, आणि तो घ्यावाच, कारण ऑइल प्रेशर स्विच स्वस्त असतो आणि खराबही होतो. पण स्विच बदलून थांबायचं नाही. स्विच काढून त्या जागी काट्याचं गेज लावायचं, इंजिन पूर्ण तापवायचं, आणि आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं फिरत असताना, व ३,००० आरपीएमला दाब मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहायचा. या गाडीत वरच्या आरपीएमला दाब ठीक होता, गरम आयडलला खालच्या मर्यादेवर रेंगाळत होता. म्हणजे स्विच खरं बोलत होता.

याच टप्प्यावर दोन चुका सर्रास होतात. पहिली, जाड ऑइल भरून दिवा घालवणं. २०डब्ल्यू-५० घातलं की दिवा जातो, कारण जाड ऑइल आयडलला दाब जास्त दाखवतं. पण ऑइल पंपाच्या तोंडाची चाळणी तुंबलेली असेल तर थंडीतल्या सकाळी तेच जाड ऑइल पंपापर्यंत पोहोचायला आणखी वेळ घेतं, आणि तेवढा वेळ बेअरिंग व टर्बो कोरडे फिरतात. दुसरी चूक त्याहून महाग पडते: इंजिन फ्लशची बाटली ओतणं. वर्षानुवर्षं चिकटलेला काजळीचा थर त्याने सुटतो आणि एकदम चाळणीवर जाऊन बसतो. सकाळपर्यंत चालणारी गाडी संध्याकाळी सीझ झालेली आणावी लागते. संशय असलेल्या २केडीत सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची परात, उघडल्याशिवाय फ्लश ओतू नये.

आता कारण. या इंजिनात इंजेक्टर हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागाच्या, मधोमध उभे, त्यावरच्या झाकणातून म्हणजे टॅपेट कव्हरमधून खाली गेलेले असतात. प्रत्येक इंजेक्टरच्या टोकाशी, सिलिंडरच्या तोंडावर तांब्याचा एक पातळ वॉशर असतो. ज्वलनाचा सगळा दाब तो वॉशर अडवतो. वर्षानुवर्षं तापून-निवून तो कडक होतो. कधी इंजेक्टर काढताना जुनाच वॉशर परत बसवलेला असतो, कधी बैठकीवर कार्बनचा कण राहिलेला असतो. मग जळते वायू त्याच्या कडेने वर सरकतात आणि टॅपेट कव्हरखाली येतात. तिथे कॅमशाफ्टला न्हाऊ घालणारं ऑइल आहे. ते ऑइल अक्षरशः करपतं. त्याची काळी, ठिसूळ पापडी तयार होते, ती परतीच्या भोकांतून सम्पमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या चाळणीवर थापली जाते. आयडलला पंप हळू फिरतो, त्यामुळे ओढ आधीच कमी असते. त्यात चाळणी अर्धी तुंबलेली, म्हणून दिवा आधी आयडललाच लुकलुकतो. सकाळच्या टकटकीपासून लाल दिव्यापर्यंतच्या तिन्ही तक्रारी एकाच साखळीच्या कड्या होत्या.

आयडल वर-खाली होत असेल, गाडी मध्येच ताकद सोडून सुस्त होत असेल आणि स्कॅनरला पी१२२९ हा कोड दिसत असेल, तर ते वेगळं दुखणं: डिझेल पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह. या गाडीत तो कोड नव्हता. दोन्हींची गल्लत होऊन इंजेक्टरचा खर्च वाया गेल्याची उदाहरणं बरीच असतात, म्हणून इथे नमूद केलं.

उघडून काय पाहिलं

आधी न उघडता होणारी तपासणी. इंजिन तापवून आयडलला ठेवलं आणि ऑइल भरायचं झाकण काढलं. थोडी वाफ येणं साहजिक आहे. इथे मात्र ठरावीक तालात फुसफुस येत होती, म्हणजे चारपैकी एखादाच सिलिंडर वर श्वास टाकत होता. स्कॅनरवर इंजेक्टरचे फीडबॅक आकडे, म्हणजे संगणक प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते, पाहिले. तापलेल्या आयडलला ते उणे तीन ते अधिक तीनच्या आत असावेत ही वापरातली मर्यादा. तीन इंजेक्टर आत होते, तिसऱ्या सिलिंडरचा काठावर.

मग टॅपेट कव्हर काढलं. निरोगी २केडीत आतला रंग मधासारखा तपकिरी असतो. इथे दोन इंजेक्टरभोवती तसाच होता. दुसऱ्याभोवती काळसर कडं. तिसऱ्याभोवती मात्र डांबराचा थर, नखाने खरवडला तर करपलेल्या तव्यावरच्या खरपुडीसारखा तुकड्यांनी निघणारा. त्या थराची एक बारीक वाट परतीच्या भोकापर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती.

खालचा पत्र्याचा सम्प उतरवला. तळाशी बोटभर चिकट गाळ, आणि चाळणीची जाळी अर्ध्याहून जास्त बंद. दिसलेली जाळी कापडाने पुसून परत बसवू नये. तिच्या आतल्या बाजूला अडकलेले कण तसेच राहतात, म्हणून चाळणी नवीच घालायची. सम्प उतरलेलाच असताना एका कनेक्टिंग रॉडची खालची टोपी सोडून बेअरिंगची वाटी पाहून घेतली. पुढच्या सगळ्या निर्णयाचा खिळा हाच. वाटीचा करडा थर शाबूत असेल तर इंजिन वाचलं. खालचं तांबं डोकावत असेल, किंवा क्रँकवर नखाला लागेल अशी रेघ असेल, तर वरवरची दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. इथे थर शाबूत होता, बारीक ओरखडे तेवढे होते. टर्बोच्या शाफ्टला हाताने हलवून पाहिलं: आडवा किंचित खेळ, जो असतोच, आणि उभा जाणवण्याइतका नाही.

काम कसं केलं

इंजेक्टर उपटायचे नसतात, सोडवायचे असतात. मुळाशी सैल करणारं तेल टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी इंजेक्टर हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवत सरळ रेषेत वर घेतले. पहार लावून कडेने उचकलं तर ॲल्युमिनियमचं हेड नाहीतर इंजेक्टरची मान जाते. प्रत्येकावर सिलिंडरचा क्रमांक लिहिला, तोंडाला टोप्या घातल्या आणि ते टेस्ट बेंचवर पाठवले. तीन पास, तिसऱ्याचा फवारा एका बाजूला जड, म्हणून तेवढाच दुरुस्तीला. इंजेक्टरवर कोड छापलेला असेल तर तो बदलल्यावर संगणकात भरावा लागतो. तो न भरता गाडी चालते, पण आयडल खडबडतं आणि पुन्हा संशय इंजेक्टरवरच येतो.

बैठक साफ करणं हे या कामाचं हृदय, आणि घाई इथेच होते. ब्रशला ग्रीस लावून बैठकीवरचा कार्बन काढायचा म्हणजे कण ग्रीसला चिकटतात, सिलिंडरमध्ये पडत नाहीत. मग व्हॅक्युमने ओढून घ्यायचं. शेवटी भोकांवर फडकं ठेवून, इंधन बंद करून, स्टार्टरने इंजिन दोन-चार फेरे फिरवायचं, उरलेला कण बाहेर उडतो. बैठक टॉर्चखाली चकचकीत गोल कड्यासारखी, कुठेही खंड नसलेली दिसली पाहिजे. काळा ठिपका राहिला तर नवा वॉशरही वर्षभरात गळेल.

लागलेलं सामान: तांब्याचे वॉशर ४, इंजेक्टरचे ओ-रिंग ४, कव्हरमधली इंजेक्टरची ऑइल सील ४, परतीच्या नळीचे वॉशर पूर्ण संच, टॅपेट कव्हर गॅस्केट १, उच्च दाबाच्या नळ्या ४, ऑइलची चाळणी १ तिच्या गॅस्केटसह, सम्पसाठी सीलंट, ऑइल फिल्टर २. उच्च दाबाच्या नळ्या परत वापरण्याचा मोह होतो, कारण त्या महाग असतात. पण त्यांचं टोक एकदा दाबून बसलं की त्या इंजेक्टरपुरतंच जुळलेलं असतं, दुसऱ्यावर ते झिरपतं. परतीच्या नळीचे वॉशर कव्हरच्या आत असतात. ते गळले तर डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत जाते. म्हणून कव्हर लावण्याआधी हवेचा हलका दाब देऊन ती नळी तपासली.

फिल्टर दोन, कारण ऑइल दोनदा बदललं. पहिलं भरून गाडी ५०० किलोमीटर फिरवली, ते फिल्टरसकट काढून टाकलं आणि मग रोजचं भरलं. आत उरलेला गाळ पहिल्या ऑइलबरोबर बाहेर पडतो. दुसऱ्यांदा फिल्टर कापून उघडला, कागदावर धातूची चमक नव्हती.

टायमिंग बेल्टचं बिल घरात सापडलं नाही. २केडीला बेल्ट आहे, साखळी नाही. दीड लाख किलोमीटरच्या आत तो बदलायलाच हवा, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन उभ्या गाडीतही तासन् तास फिरतं, तेव्हा एक लाखाला बदलणं शहाणपणाचं. बिल नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि वर लिहिलेली सगळी काळजी मातीमोल होते. बेल्ट, टेन्शनर आणि पुली एकत्र बदलले. ईजीआर आणि इनलेट मॅनिफोल्डमधली काजळीही याच खेपेला काढली, कारण तिथपर्यंत पोहोचण्याची अर्धी मजुरी आधीच खर्च झालेली होती.

मग क्रिस्टा का नको, हायक्रॉस का नको

गाडी गॅरेजात असताना घरात नवीन गाडीचा विचार मूळ धरतो, ते स्वाभाविक आहे. या कुटुंबाची तुलना तीन गोष्टींवर व्हायला हवी होती: गुहागरच्या वाटेवरचा कुंभार्ली घाट, आजीचे गुडघे आणि सोसायटीचं पार्किंग.

क्रिस्टा मे २०१६ मध्ये आली. सांगाडा पुन्हा शिडीचाच, जोर मागच्याच चाकांना, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही तेच २,७५० मिलिमीटर. बदललं ते इंजिन: २.४ लिटर, १५० पीएस, मॅन्युअलला ३४३ न्यूटन मीटर टॉर्क. २०० वरून ३४३ हा फरक कागदावर वाचून कळत नाही. पोफळीहून कोयनानगरकडे सात माणसं आणि सामान घेऊन चढताना जुन्या इनोव्हाला दुसऱ्या गिअरमध्ये ओरडावं लागतं, क्रिस्टा तिथे तिसऱ्यात निवांत जाते. टायमिंगला साखळी आहे, बेल्ट बदलायचा नाही. २.८ लिटर ऑटोमॅटिकही होती, बीएस ६ आल्यावर २०२० मध्ये ती गेली. पेट्रोल क्रिस्टा का निघाली, त्यामागे डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसीवरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी रोखली होती, ते कारण होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये २.७ पेट्रोल त्याच दबावातून आलं.

पण या कुटुंबासाठी क्रिस्टातली मेख पुण्यातल्या चालण्यात आहे. २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी सलग काही वेळ वेगात चालणं लागतं. कोथरूड-डेक्कन करणाऱ्या गाडीला ते महिनोन् महिने मिळत नाही. दिवा लागला की साताऱ्याच्या दिशेने हायवेला अर्धा तास एका वेगात चालवून यायचं, दिवा लागलेला असताना मध्येच इंजिन बंद करायचं नाही, एवढं पाळायची तयारी असेल तरच बीएस ६ डिझेल शहरात घ्यावं. २०१६ ते मार्च २०२० मधली बीएस ४ क्रिस्टा या त्रासातून सुटते. मात्र वापरलेली घेताना ती आधी पिवळ्या प्लेटवर होती का, हे आरसीच्या इतिहासात पाहावं. मीटर मागे घेता येतो. ड्रायव्हर सीटचा बाहेरचा कोपरा, बेल्टची कड आणि क्लच पेडलचं रबर मागे घेता येत नाहीत.

हायक्रॉस ही सगळ्यात मोठी उडी. तिचं अनावरण २५ नोव्हेंबर २०२२ ला झालं. या गाड्या बेंगळुरूजवळच्या बिडदीला बनवणाऱ्या कंपनीत किर्लोस्कर घराण्याची भागीदारी आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कंपनीचे उपाध्यक्ष विक्रम किर्लोस्कर त्यानंतर चारच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला गेले. शिडीची चेसिस नसलेली पहिली इनोव्हा त्यांच्या हयातीतच आली. हायक्रॉसला सांगाडा आणि बॉडी एकच, जोर पुढच्या चाकांना, डिझेल नाहीच. एक प्रकार दोन लिटर पेट्रोलचा, सीव्हीटी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह, दुसरा त्याच मापाच्या इंजिनाला विजेची मोटर जोडलेला हायब्रिड, एकत्रित १८६ पीएस, प्रमाणित मायलेज लिटरला २३.२४ किलोमीटर.

चेसिस गेल्याचा थेट फायदा आजीला. जुन्या गाडीत फळी शिडीच्या वर असल्यामुळे चढताना आजी आधी पायरीवर पाय ठेवतात, मग खांबाचं हँडल धरून स्वतःला वर ओढतात, आणि उतरताना उलट्या दिशेने, मागे न बघता पाय चाचपडतात. हायक्रॉसची फळी खाली आहे, त्यात बसणं खुर्चीत बसण्याच्या जवळ जातं. व्हीलबेस १०० मिलिमीटरने वाढून २,८५० झाला, तो तिसऱ्या रांगेच्या गुडघ्यांच्या कामी येतो. गुहागरच्या प्रवासात मागे बसणाऱ्यांना हे लगेच कळतं.

घाटात मात्र स्वभाव बदलतो. पूर्ण भरलेली गाडी चढाला लागली की वजन मागे जातं. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीला त्याने पकड मिळते, पुढच्यांना जोर असलेल्या गाडीची पकड थोडी सुटते. डांबरी रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, ते सांभाळतं. वाडीकडे जाणाऱ्या लाल मातीच्या ओल्या चढावर फरक जाणवतो, आणि ज्यांचं घर अशा चढाच्या टोकाला आहे त्यांनी तो नीट तोलावा. उतारालाही एक गोष्ट आधी माहीत हवी. हायब्रिड ब्रेक लावताना बॅटरी भरते, पण निकेल-मेटल हायड्राइडची ही बॅटरी छोटी आहे आणि कुंभार्लीच्या अर्ध्या उतारात भरून जाते. त्यानंतर गाडी इंजिनाच्या ब्रेकवर येते. म्हणून लांब उताराला सुरुवातीपासूनच इंजिनाचा ब्रेक वाढवावा, आणि इंजिनाचा आवाज अचानक वाढला तर घाबरू नये, ते काम करतंय. बॅटरीला केबिनमधली हवा घेऊन थंड ठेवलं जातं. त्या हवेच्या जाळीवर सतरंजी, पिशव्या, मोदकांचे डबे रचले की बॅटरी तापते. हायब्रिड घेणाऱ्या घरात ही सूचना मागे बसणाऱ्यांनाही द्यावी.

पार्किंगचा हिशेब सरळ आहे. जुनी गाडी ४,५८५ बाय १,७६५ मिलिमीटर, हायक्रॉस ४,७५५ बाय १,८५०. लांबीला १७ सेंटिमीटर आणि रुंदीला साडेआठ. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांतल्या दोन खांबांमधल्या जागेत हे साडेआठ सेंटिमीटर म्हणजे दार उघडून उतरता येणं आणि न येणं यातला फरक असू शकतो. बुकिंगआधी खांबांमधलं अंतर टेपने मोजावं, आरसे धरून. लांब व्हीलबेसमुळे गेटातल्या उंच गतिरोधकावर पोट घासतं का, तेही टेस्ट ड्राइव्ह आपल्याच गेटातून करून पाहावं.

आता पैसे. १२,००० किलोमीटरला जुनी इनोव्हा लिटरला १२ दिली तर १,००० लिटर डिझेल. हायब्रिडने शहर आणि हायवे मिळून १८ दिले असं धरलं तर ६६७ लिटर पेट्रोल. डिझेल ९१ आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर ९१,००० विरुद्ध ६९,४०० च्या आसपास. वर्षाला साधारण २१,६०० रुपयांची बचत. पंचवीस लाखांच्या वरची गाडी त्या बचतीवर घेता येत नाही. आजीच्या गुडघ्यांसाठी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, ते कारण इंधनापेक्षा भक्कम आहे.

ठरलं काय

बेअरिंगची वाटी शाबूत निघाली, तिथेच निम्मा निर्णय झाला. गाडी दुरुस्त करून ठेवायची. नोंदणीची १५ वर्षं २०२७ मध्ये संपतात. पुढे पुनर्नोंदणी करायची तर तपासणी आणि पर्यावरण कर दोन्ही आहेत, तेव्हा ती वेळ येण्याआधी सहा महिने हायक्रॉसचा विचार करायचा. आजीसाठी तोवर मधल्या दाराखाली रुंद पायरी बसवली, जमिनीपासून पाऊलभर उंचीची, खडबडीत रबराची.

वापराचे नियम बदलले. ऑइल दहा हजारांऐवजी पाच हजारांना, आणि दर पंधरा दिवसांनी एकदा कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड शिवापूरपर्यंत चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये सलग चालवून आणायची, म्हणजे इंजिन पूर्ण तापेल. दर वर्षी पावसाळ्यानंतर, गुहागरच्या खाऱ्या हवेतून आल्यावर, चेसिसच्या मागच्या भागाला आणि स्प्रिंगच्या बैठकांना पाण्याचा जोरदार फवारा मारायचा आणि गंज शोधायचा. शिडीची चेसिस इंजिनाच्या आधी थकली तर ती नीट दुरुस्त करणं कठीण असतं.

तांब्याचे वॉशर आता दर ८० हजारांना, गळायची वाट न पाहता बदलायचे. पुढच्या बदलाचा किलोमीटरचा आकडा टॅपेट कव्हरवर पांढऱ्या पेंटने लिहून ठेवला आहे: ३,१८,०००.